परकी सरकारी फंडांना सूट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

परकी सरकारांच्या गुंतवणूक फंडांवरचे माहिती देण्याचे नियम 'सेबी'ने काढून टाकले, आता आपल्या कंपन्यांत कोण शिरले ते कळणारच नाही, हा समज चुकीचा आहे. 24 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने सेबीने परकी गुंतवणूकदारांवर एक जादा अट घातली. ज्याची भारतातली निम्म्याहून अधिक शेअर-गुंतवणूक एकाच उद्योगसमूहात आहे, किंवा ज्याच्या गटाची भारतीय शेअर बाजारातली गुंतवणूक 25,000 कोटी रुपयांवर गेली आहे, त्याने आपल्या पैशामागची शेवटची हाडामांसाची व्यक्ती कोण, इथपर्यंत तपशील द्यायचा. सरकारी फंड या अटीतून पहिल्या दिवसापासूनच बाहेर होते. मार्च 2025 मध्ये 25,000 ची मर्यादा 50,000 कोटी झाली, पण एकाच समूहाबद्दलची अट आहे तशीच राहिली.

ही सूट तर्काला धरून आहे. नॉर्वेच्या तेलाच्या उत्पन्नातून उभ्या राहिलेल्या फंडाचा मालक शोधत गेलात तर शेवटी नॉर्वेचे सरकारच सापडते, कोणी छुपा शेठ नव्हे. शिवाय मूळ नियम कोणालाच माफ नाहीत. औरंगपुऱ्यात बसून कोणीही वाळूजच्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचा भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर उघडावा. दर तिमाही संपल्यावर 21 दिवसांत कंपनीला तो द्यावा लागतो आणि एक टक्क्याहून जास्त शेअर असलेल्या सार्वजनिक भागधारकाचे नाव त्यात येते, मग तो अबू धाबीचा सरकारी फंड का असेना. शिवाय शेअर बाजाराच्या मार्गाने येणाऱ्या एका परकी गुंतवणूकदार गटाला एका कंपनीत 10 टक्क्यांच्या आतच राहावे लागते.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: सरकारी पैसा म्हणजे निरुपद्रवी पैसा, असे कोणी सांगितले? एप्रिल 2020 मध्ये मुंबईच्या एचडीएफसीच्या तक्त्यात चीनच्या मध्यवर्ती बँकेचे नाव झळकले, 1.01 टक्के हिश्श्यासह. 17 एप्रिलला केंद्राने 'प्रेस नोट 3' काढली आणि भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या थेट गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली. पण मालक कोण, हे इथे लपलेले नव्हतेच. साध्या एक टक्क्याच्या नियमानेच ते उघड केले. ओळखीच्या मालकाला किती शिरू द्यायचे, हा परवानगीचा आणि मर्यादेचा प्रश्न आहे. जादा कागद मागवून तो सुटत नाही.

खरी फट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. सेबीच्या व्याख्येत निखळ सरकारी फंडांबरोबरच सरकारचे नियंत्रण असलेल्या किंवा किमान 75 टक्के सरकारी मालकीच्या संस्थाही 'सरकारी' ठरतात. म्हणजे अशा संस्थेत चौथा हिस्सा खासगी असू शकतो आणि तोही सुटीच्या छत्राखाली येतो. सप्टेंबर 2025 मध्ये सेबीने विश्वासू परकी गुंतवणूकदारांसाठी आणखी सोपी चौकट मंजूर केली, त्यात सरकारी फंड अग्रभागी आहेत. प्रवेश सोपा करायला हरकत नाही. मात्र सूट सरकारच्या हिश्श्यापुरतीच ठेवावी आणि उरलेल्या खासगी हिश्श्याचे मालक सेबीने नावानिशी मागावेत.