पाठदुखी, स्वादुपिंड आणि मिरची

मागच्या एपिसोडनंतर नालासोपाऱ्याहून एक व्हॉइस मेसेज आला. "दादा, माझी पाठ रोज दुखते. पर्रीकरांना झाला तो कॅन्सर तर नसेल ना?"

मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९ ला गेले, वय ६३. आजार स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा. त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे. पण विरार लोकलमध्ये लटकून दुखणारी पाठ वेगळी आणि ही पाठदुखी वेगळी. कशी, ते सांगतो.

स्वादुपिंड असतं जठराच्या मागे, कण्याजवळ. तिथेच मज्जातंतूंचं, म्हणजे नर्व्ह्जचं, मोठं जाळं आहे. कॅन्सर या नर्व्ह्जच्या कडेने पसरतो, म्हणून पोटातली कळ पाठीत जाते. हे डॉक्टरांना जुनंच ठाऊक आहे. समज असा होता, की आधी गाठ होते आणि मग ती नर्व्हपर्यंत पोचते.

पण गाठ होण्याच्या कितीतरी आधी स्वादुपिंडातल्या बारीक नळ्यांचं अस्तर बदलायला लागतं. या टप्प्याला पॅनिन म्हणतात. बहुतेक पॅनिनचा कॅन्सर कधीच होत नाही. उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं, की या टप्प्यातच नर्व्ह्जमध्ये बदल सुरू होतात. नर्व्हच्या टोकातून सबस्टन्स पी नावाचं रसायन सुटतं. त्याने सूज येते आणि बिघडलेल्या पेशींना वाढायला बळ मिळतं.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. हा कॅन्सर हमखास होणाऱ्या जातीच्या उंदरांना त्यांनी जन्मतःच कॅप्सेसिन टोचलं. कॅप्सेसिन म्हणजे मिरचीतला तिखटपणा! त्याने संवेदना नेणाऱ्या नर्व्ह्ज मेल्या, पॅनिन उशिरा झाले आणि उंदीर जास्त जगले. म्हणजे नर्व्ह इथे नुसती सापडत नाही, आगीत तेलही ओतते.

आता लगेच ठेचा खायला धावू नका! ते इंजेक्शन होतं, तेही उंदरांच्या पिल्लांना. माणसांसाठी असा उपचार अजून नाही.

आणि मित्रा, पॅनिन दुखत नाही, साध्या स्कॅनमध्ये दिसतही नाही. म्हणून नुसत्या पाठदुखीवरून घाबरू नकोस. पण आडवं झाल्यावर वाढणारी आणि पुढे वाकल्यावर कमी होणारी कळ, प्रयत्न न करता घटणारं वजन, पिवळे डोळे, पन्नाशीनंतर अचानक आलेली शुगर, यातलं काही घरात कुणाला दिसलं, तर गूगल बंद करा आणि डॉक्टर गाठा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!