अग्निबाण कां कोसळतात?

२ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या सायंकाळीं, महाराष्ट्रांत अनेक ठिकाणीं आकाशांतून जळत जाणाऱ्या रेषा दिसल्या. चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी गांवीं धातूचें एक भलें मोठें कडें येऊन पडलें. आसपास कांहीं पोकळ गोळेही सांपडले. जाणकारांच्या मतें हे एका चिनी अग्निबाणाचे अवशेष होते. आणि तो बाण फसलेला नव्हता! त्यानें आपलें काम वर्षापूर्वींच पार पाडलें होतें. यशस्वी बाणाची ही गत, तर फसलेल्याचें काय होत असेल, असें विष्णुपुरींतील एका शेजारच्या मुलानें मला विचारलें.

आमच्या येथें गोदावरीचें पाणी पंपांनीं उपसून कालव्यांत सोडतात. पंपाचा आवाज बिघडला कीं मनुष्य तो बंद करतो, मिस्त्री येतो, झडप बदलतो. अग्निबाणाला ही सोय नाहीं. आकाशांत बाण थांबविणें म्हणजे तो पाडणेंच होय. शिवाय पृथ्वीभोंवतीं फिरत राहण्यास सेकंदाला सुमारें पावणेआठ किलोमीटर वेग लागतो. त्यासाठीं बाणाचें बहुतेक वजन इंधनाचेंच असतें. पूल बांधणारा इंजिनियर दुपटीची बळकटी ठेवून स्वस्थ झोपतो. येथें तेवढें लोखंड वाहून नेणें परवडत नाहीं.

आपला पहिला उपग्रहवाहक बाण, एस्. एल्. व्ही. ३, १० ऑगस्ट १९७९ रोजीं श्रीहरिकोट्याहून सुटला. उंची २२ मीटर, वजन १७ टन, टप्पे चार, आणि चारही घन इंधनाचे. या इंधनामागें आपले डॉ. वसंत गोवारीकर यांचे परिश्रम होते. पहिला टप्पा उत्तम जळला. दोष निघाला दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेंत. एका झडपेंतून नायट्रिक आम्ल गळून गेलें होतें! सुकाणूच उरलें नाहीं. बाण भरकटला आणि सुमारें पांच मिनिटांनीं बंगालच्या उपसागरांत गेला. उड्डाणापूर्वीं संगणकानें थांबण्याची सूचना दिली होती व तज्ज्ञांशीं बोलून आपण ती बाजूस सारली, असें प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांनीं पुढें स्वतःच अनेकदां सांगितलें. पत्रकारांपुढें मात्र त्या दिवशीं अध्यक्ष सतीश धवन उभे राहिले आणि अपयश त्यांनीं स्वतःच्या शिरावर घेतलें. १८ जुलै १९८० रोजीं ३५ किलोंचा रोहिणी उपग्रह कक्षेंत पोंचला, तेव्हां त्यांनीं कलामांना पुढें केलें. वर्गाचा निकाल लागल्यावर असें वागणारा वरिष्ठ मला मास्तरकींत क्वचितच भेटला.

अनुभव वाढला म्हणून धोका संपत नाहीं. ज्याच्यावर आपला सर्वांत अधिक भरंवसा, त्या पी. एस्. एल्. व्ही.च्या तिसऱ्या टप्प्यानें १८ मे २०२५ रोजीं दगा दिला.

राहिला खालच्या माणसांचा प्रश्न. १० जुलै २००६ रोजीं आपल्या मोठ्या बाणाच्या चार जोड-इंजिनांपैकीं एकाचा जोर गेला. बाण कलला, तेव्हां जमिनीवरून आज्ञा देऊन तो हवेंतच फोडण्यांत आला. दोन टनांहून जड उपग्रह त्याबरोबर गेला. पण खालीं समुद्र होता. पूर्व किनारा निवडला तो याचसाठीं. शिवाय पूर्वेकडे उडाल्यानें पृथ्वीच्या फिरण्याचा वेगही फुकट मिळतो. चीनचें शीचांग केंद्र डोंगराळ मुलुखांत आहे. तेथें फेब्रुवारी १९९६ मध्यें एक बाण उडतांच कलंडला, वस्तीजवळ आदळला आणि माणसें मेलीं.

लाडबोरीस कोणी दगावलें नाहीं. तें कडें पोलिसांनीं ठाण्यांत नेऊन ठेवलें.