एकच नट, राम आणि सीताही!

1917 साली दादासाहेब फाळक्यांचा 'लंकादहन' सिनेमा आला आणि पाहायला ही झुंबड उडाली! पडद्यावर राम दिसले की प्रेक्षक पायातल्या चपला काढून ठेवत, असं सांगतात. आता गंमत ऐका. त्यात राम झाले होते अण्णा साळुंके. आणि सीता? तेही अण्णा साळुंकेच!

हे जमलं कसं? अहो, या गोष्टीत सीता अशोकवनात, राम समुद्राच्या अलीकडे. दोघं समोरासमोर येण्याची वेळच थोडी. रामाचं काम वेगळं चित्रित करायचं, मग साडी नेसून सीतेचं. नंतर फिल्मचे तुकडे कापून हव्या त्या क्रमाने चिकटवायचे. आवाजावरून ओळखू येण्याची भीती नाही, कारण सगळे मूकपट!  

पण सीतेसाठी बाई का नाही घेतली? सहजी मिळतच नव्हती! सिनेमात काम करणं म्हणजे बायकांना कमीपणाचं, असं लोकांना वाटे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा खूप शोधूनही राणी तारामतीसाठी बाई सापडेना. शेवटी एका खाणावळीत काम करणारे साळुंके तारामती झाले. मिश्यांचा घोळ तर विचारूच नका. वडील हयात असताना मिशी काढायची नाही, असा रिवाज. मग राणीच्या दासी होणार कोण?

त्यानंतर फाळके नाशिकला आले आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये खऱ्याखुऱ्या बायका पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, अभिनेते विक्रम गोखल्यांच्या आजी. मला विचाराल तर या मायलेकींचं धाडस फाळक्यांच्या धाडसापेक्षा तसूभरही कमी नाही.

सोंगं तिकडे अमेरिकेतही चालत, पण कारण निराळं. 1919 सालच्या 'ब्रोकन ब्लॉसम्स'मध्ये चिनी माणूस झाला होता एक गोरा नट. आशियातले नट मिळत नव्हते म्हणून? छे! जपानचा सेस्यू हायाकावा तेव्हा तिथला बडा स्टार होता. आपल्याकडे बहुतेक बायका यायला तयार नव्हत्या. तिथे माणसं हजर असून मोठी कामं बहुधा गोऱ्यांनाच मिळत.

आणि त्याच 1919 साली फाळक्यांनी उलटाच डाव टाकला. 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्ण झाली त्यांची छोटी लेक, मंदाकिनी! सिनेमाच्या सुरुवातीला ती साध्या मुलीच्या रूपात हसते, रागावते, तऱ्हेतऱ्हेचे चेहरे करते आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. त्या काळी याची युक्ती कॅमेऱ्यातच असे. भिंगातून येणारा उजेड हळूहळू बंद करायचा, फिल्म थोडी मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच पुन्हा चित्रण करायचं. कॅमेरा तसूभर हलता कामा नये, आणि पोशाख बदलून आलेल्या नटानेही नेमकं आधीच्याच जागी उभं राहायचं. ही फिल्म पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली आहे. पाहायला मिळाली, तर मुलीचा कृष्ण नेमका कुठल्या क्षणी होतो, ते पकडून दाखवा बरं!