रजा की रुजू? आधी उपचारांचे वेळापत्रक

आपटा हे पनवेल तालुक्यातले गाव, पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर. पाताळगंगा औद्योगिक वसाहत जवळ, तर टाटा स्मारक केंद्राचे खारघरचे कॅन्सर केंद्र ‘ॲक्ट्रेक’ याच तालुक्यात. म्हणून इथल्या रुग्णापुढचा प्रश्न: उपचार घेताना कामावर जायचे की रजा घ्यायची?

कॅन्सरमध्ये काम चालू ठेवावे का, हे आजाराच्या नावावरून ठरत नाही. उपचारांचे वेळापत्रक आणि कामाचे स्वरूप यांवरून ठरते. केमोथेरपी बहुधा 2 किंवा 3 आठवड्यांच्या आवर्तनांत दिली जाते. अनेक औषधांनंतर पांढऱ्या पेशी साधारण 7 ते 14 दिवसांच्या सुमारास सर्वांत कमी होतात. त्या काळात संसर्गाच्या धोक्यामुळे गर्दीची शिफ्ट जोखमीची, टेबलावरचे काम कदाचित झेपेल. रेडिएशन बहुतेकदा आठवड्याला 5 दिवस. उपचार काही मिनिटांचा, दिवस जातो प्रवासात. उपचार संपले तरी थकवा कित्येक महिने टिकू शकतो, म्हणून परतणेही टप्प्याटप्प्याने असावे.

घरी बसले तर पगार बुडतो, हा आक्षेप खराच. मात्र कर्मचारी राज्य विमा योजनेत (वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपये) साधा आजारपण लाभ वेतनाच्या 70 टक्के, वर्षाला 91 दिवस मिळतो. कॅन्सरसाठी वाढीव लाभ 80 टक्के, कमाल 2 वर्षे. त्यासाठी सेवेची आणि वर्गणीची अट आहे. ज्या दिवशी काम करून वेतन घेतले, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. रोजंदारीवरच्या शेतमजुराला हे छत्र नाही: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपचारांचा खर्च उचलते, बुडालेली मजुरी नव्हे.