हजर करण्याआधीचे दोन तास

बिबवेवाडीत कुणाला अटक झाली, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. शिवाजीनगर कोर्टातली ही पहिली हजेरी अनेकदा काही मिनिटांत उरकते. पोलीस 'पीसीआर' मागतात, म्हणजे पोलीस कोठडी. न्यायाधीश आरोपीला विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" भेदरलेला माणूस नकारार्थी मान हलवतो. पुढचे कित्येक दिवस कुठे काढायचे, ते तेवढ्यात ठरून जातं.

म्हणूनच त्याच्या आधीचे दोन तास मला विलक्षण वाटतात. वरळीतल्या २०२४ च्या मोटार अपघातातून मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने सांगितलं: अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी द्या. जागेवर जमलं नाही तर तोंडी सांगा, पण कागद रिमांडच्या हजेरीआधी किमान दोन तास त्याच्या हातात पडलाच पाहिजे. नाहीतर अटक बेकायदा, रिमांडही बेकायदा!

कागदावर नुसतं 'चोरीच्या गुन्ह्यात अटक' लिहून भागत नाही. समजा, गंगाधाम चौकातून दुचाकी गेली. तर कोणती, कधी आणि संशय याच माणसावर का, हे त्यात यायला हवं. वकिलाला उत्तर द्यायचं असतं ते याच मजकुराला. आरोपीला मराठीच वाचता येत असेल तर इंग्रजी कागद देऊन काय उपयोग?

या सगळ्याचं मूळ घटनेच्या कलम २२ मध्ये आहे. ते डॉ. आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत मांडलं. कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांत हजर करा, असं त्यात होतं. कसाबच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बजावलं, की वकिलाचा हक्क आरोपीला पहिल्याच हजेरीत सांगणं हे न्यायदंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. मुंबईवर हल्ला करणाऱ्याच्या निकालात हे लिहिलं गेलं, याचा मला अभिमान वाटतो.

कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. हा क्रमांक आजच फोनमध्ये जतन करा आणि शेजाऱ्यांनाही सांगा.