सड्यावरचं गवत: 2019 ते 2025

2019 च्या दिवाळीत ‘क्यार’ वादळाच्या पावसाने रत्नागिरीत कापणीला आलेलं भात आडवं केलं. सगळ्यांचं लक्ष भाताकडे होतं, आणि ते रास्तच होतं. कातळावरच्या गवताकडे मात्र कुणी बघितलं नाही. उन्हाळ्यातल्या वणव्याचं सरपण पावसाळ्यात तयार होतं, हे आपण दरवर्षी विसरतो.

इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. जांभ्याचा सडा पाणी धरत नाही. दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं, शिमग्यापर्यंत खडखडीत वाळतं. पूर्वी ते कापून उडव्या रचत. गुरं घटली तसं गवत उभंच राहू लागलं. मग एक विडी किंवा बांध जाळताना उडालेली ठिणगी पुरते. दुपारचा खारा वारा ती आग थेट कलमांत नेतो, आणि पोराबाळांसारखी वाढवलेली आंबा-काजूची झाडं तासाभरात होरपळतात. हिरवे टाळे मारून आग विझवणारे हात गावात मोजके उरलेत.

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा उपटल्या. त्याच महिन्याच्या 20 तारखेला सैबेरियातल्या वेर्खोयान्स्कला, आर्क्टिक वृत्ताच्या आत, 38 अंश तापमान नोंदलं गेलं. पुढच्या वर्षी जुलैत चिपळूण पुरात बुडालं तेव्हा तिकडे सैबेरियातल्या याकुतियाची जंगलं जळत होती. तिथे बर्फ लवकर वितळतं, उन्हाळी पाऊस हुकला की शेवाळाची जमीनसुद्धा सुकते, आणि वीज पडून आग लागते. तिथला उन्हाळी पाऊस आग आवरतो, आपला पाऊस तिच्यासाठी गवत वाढवतो. म्हणून ‘पाऊस चांगला झाला, यंदा वणवे कमी’ हा हिशेब कोकणात चुकतो.

उष्मा मात्र दोन्हीकडे सारखाच घातक. फेब्रुवारी 2023 मध्ये हवामान खात्याने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. फेब्रुवारीत! 2025 चा फेब्रुवारी तर सरासरी तापमानात देशात 1901 पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. झाडावर मोहोर आणि कणी असण्याचे हे दिवस. शिमग्याला वाळायचं गवत आता माघातच पेट घेण्याजोगं होतं.

त्याच वर्षी 25 मे रोजी मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचला. वणव्यांची भीती लवकर टळली, शेवटचा आंबा भिजला, आणि सड्यावर मिरगाची वाट न बघता गवत उगवून आलं.