उपाशी, पण चेहरा धुतलेला

उपवास करणाऱ्याने तोंड पाडून हिंडू नये. डोक्याला तेल लावावं, चेहरा धुवावा, असं येशू मत्तयच्या शुभवर्तमानात सांगतो. दिखाऊ भक्तीला खणखणीत टोलाच हा! तो स्वतः रानात 40 दिवस उपाशी राहिला होता.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी बुधवार-शुक्रवार हे वार धरले. इथिओपियात ते आजही पाळतात: मांस, अंडी, दूध वर्ज्य, इंजेरा या तिथल्या भाकरीसोबत डाळी-भाज्या.

कॅथलिक नियम त्यामानाने सौम्य. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसाने एकदाच पोटभर जेवायचं. वसईच्या कॅथलिकांनाही हाच नियम.

यशया संदेष्ट्याची अट मात्र सर्वांत कडक: भुकेल्याला आपली भाकर वाटून दिली नाही, तर तो उपवास देवाला मान्यच नाही.